गळ्यातलं फुलपाखरू आणि खडेमीठ

मुलांनो, आधी एक गणित सोडवू या. घाबरू नका, माझ्या चौथीच्या वर्गाने सोडवलेलं आहे!

मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. मायक्रोग्रॅम म्हणजे काय? एका ग्रॅमचे दहा लाख भाग करा, त्यातला एक उचला. झाला मायक्रोग्रॅम. (उचलता येणार नाही, दिसणारही नाही, पण गणितात सगळं चालतं.) वर्षाचे दिवस ३६५. तर सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाला जन्मभरात किती आयोडीन लागेल?

करा गुणाकार. उत्तर येतं ३८ लाख ३२ हजार ५०० मायक्रोग्रॅम. आकडा केवढा मोठा! पण त्याचे ग्रॅम केले की चारसुद्धा भरत नाहीत. सगळ्या जन्माचं आयोडीन चहाच्या एका चमच्यात मावेल, तेही चमचा न भरता.

आमच्या वर्गातल्या एका पोराने लगेच हात वर केला. "बाई, मग एकदाच चमचा खाऊन टाकला तर? रोजची कटकटच नको."

प्रश्न काही वाईट नव्हता. पण तसं चालत नाही, बरं का! एवढं आयोडीन एकदम पोटात गेलं तर ते विष ठरेल. शिवाय शरीर जास्तीचं आयोडीन साठवत बसत नाही, लघवीवाटे बाहेर टाकून देतं. म्हणून रोज थोडं, अगदी कणभर, पण रोज.

आता हे कणभर जातं कुठे? आरशासमोर उभे राहा. मान किंचित मागे करा आणि पाण्याचा एक घोट गिळा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, काहीतरी वर सरकून खाली आलं ना? तिथेच श्वासनलिकेला मिठी मारून एक ग्रंथी बसलेली असते. आकार फुलपाखरासारखा, दोन पंख आणि मधे पूल. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण २० ग्रॅम. पुस्तकात तिचं नाव अवटू ग्रंथी, पण आता सगळेच थायरॉइड म्हणतात, आपणही तेच म्हणू.

ही थायरॉइड दोन संप्रेरकं बनवते. त्यांची नावं टी-फोर आणि टी-थ्री. एकात आयोडीनचे चार अणू, दुसऱ्यात तीन, म्हणून ती नावं. ही संप्रेरकं रक्तातून अंगभर फिरतात आणि प्रत्येक अवयवाला सांगतात, कामाचा वेग किती ठेवायचा. हृदयाने किती भराभर धडधडायचं, अंगात ऊब किती ठेवायची, हाडांनी किती वाढायचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहान बाळाच्या मेंदूची घडण कशी व्हायची.

आयोडीनच मिळालं नाही तर? मग गंमत होते, पण वाईट गंमत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिला कळतं, की संप्रेरक कमी पडतंय. ती निरोपावर निरोप धाडते, "काम वाढव, काम वाढव!" थायरॉइड बिचारी स्वतःला वाढवते. गावातल्या गिरणीवाल्याकडे दळणच येत नाही आणि तो आपला शेड वाढवत सुटलाय, असं काहीसं. शेड मोठी झाली, पण पीठ कुठलं? ही वाढलेली थायरॉइड मानेवर दिसू लागते. तोच गलगंड. सुश्रुतसंहितेतसुद्धा गलगंडाचं वर्णन आहे, म्हणजे आजार काही आजकालचा नाही.

हे सगळं मी इतकं मन लावून का सांगते आहे? कारण आमच्या शाळेत एक मुलगी होती. तिचं नाव सांगणार नाही, कारण ती हा अंक वाचेल आणि माझ्यावर रुसेल.

मी औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ही मुलगी चौथीत माझ्याकडे आली. वर्गात सगळ्यांत बुटकी. मार्च महिन्यात, आमच्याकडे उन्हाने डोकं तापतं तेव्हासुद्धा, अंगात स्वेटर. हाक मारली की दोन क्षणांनी मान वळायची. आवाज घोगरा, कातडी कोरडी, आणि दुपारच्या सुट्टीनंतर डोळे मिटायला लागायचे. खेळाच्या तासाला ती लिंबाखाली बसून राहायची. गावात तिला एक नाव पडलं होतं, 'मंद'. मुलं म्हणायची, मोठी माणसंही म्हणायची, आणि तिच्यादेखत म्हणायची. मला त्याचा फार राग यायचा. कारण ती उत्तर उशिरा द्यायची, पण बहुतेक वेळा बरोबर द्यायची.

एके दिवशी तिची आजी शाळेत आली. म्हणाली, "बाई, लेकराच्या गळ्यात म्या काळा दोरा बांधला व्हता, दृष्ट लागू नये म्हणून. चांगला सैल बांधला व्हता. आता रुतायला लागलाय. लेकरू तर वाळलंय, मग मान कशी जाड झाली?"

पाहा मुलांनो, आजीला अक्षरओळख नाही, पण निरीक्षण किती पक्कं! कुठल्याही टेपने मोजलं नसतं इतकं त्या दोऱ्याने मोजलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत तपासणीची गाडी यायची होती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यातले डॉक्टर शाळेत येऊन मुलांना तपासतात. तुमच्याकडेही येत असतील. त्यांच्या तपासण्यांच्या यादीत गलगंडही असतो. मी तिला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावर हळूच बोटं ठेवली आणि म्हणाले, "गिळ बघू." मग मला समजावून सांगितलं. गाठ हाताला लागत नसेल तर शून्य, हाताला लागते पण सरळ मानेत दिसत नाही तर एक, आणि नुसतं पाहूनच दिसते तर दोन. हिचा एक.

चिठ्ठी दिली, रक्त तपासलं. संप्रेरक कमी आणि पीयूषिकेचा निरोप, त्याला टीएसएच म्हणतात, खूप वाढलेला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, आणि मग आजीला असा प्रश्न विचारला, की तो मला औषधापेक्षाही महत्त्वाचा वाटला. "घरात मीठ कुठलं वापरता?"

"खडेमीठ की! गोणी घेतो एकदाच. पुडीचं मीठ कशाला? गोणीचं म्हशीलाबी होतं, लोणच्यालाबी होतं, अन् आमालाबी."

इथे तुम्ही म्हणाल, मीठ तर समुद्राचं, आणि समुद्रात आयोडीन भरपूर असतं. मग खडेमिठाने काय बिघडलं? हा गैरसमज मोठ्या माणसांतही आहे, म्हणून नीट ऐका. जमिनीतलं आयोडीन हजारो वर्षं पावसाने, पुराने आणि डोंगरावर हिमनद्यांनी धुऊन समुद्रात नेलं, हे खरं. समुद्रातल्या वनस्पती आणि मासे ते आपल्या अंगात साठवतात, हेही खरं. पण मिठागरात पाणी आटवून मीठ तयार होतं, त्यात आयोडीन जवळजवळ राहतच नाही. उरणचं असो की गुजरातचं, साधं मीठ ते साधंच. त्यात आयोडीन मुद्दाम घालावं लागतं. आणि जिथली माती आयोडीनने गरीब, तिथलं धान्य गरीब, भाजी गरीब, दूधही गरीब. चव तीच लागते, रंग तोच दिसतो. काय नाही, ते ताटात दिसत नाही!

पूर्वी समजत, गलगंड हिमालयाचाच आजार. पण आपल्या महाराष्ट्रातही तो सापडला, आमच्या जिल्ह्यातही सापडला. इथे ना बर्फ, ना हिमनदी. तरीही.

त्या आजींच्या उत्तरानंतर मी आशाताईंना गाठलं. त्यांच्याकडे मीठ तपासायचा छोटासा संच असतो, एक बाटली आणि रंगांचा तक्ता. मुलांना सांगितलं, उद्या प्रत्येकाने घरचं चिमूटभर मीठ कागदाच्या पुडीत आणायचं, वर नाव लिहायचं नाही. नाव का नाही? कुणाच्या घरी स्वस्तातलं मीठ आहे, हे बाकीच्यांना कळायचं कारण नाही. मी फक्त नंबर टाकले, आणि ज्याचा नंबर त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पुड्यांची रांग लागली. चिमूटभर मीठ झाकणात सपाट करायचं, वर दोन थेंब टाकायचे. त्या थेंबांत स्टार्च असतो. तुम्ही विज्ञानात बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग पाहिला असेल. हे त्याचंच उलटं. तिथे आयोडीन टाकून स्टार्च शोधतो, इथे स्टार्च टाकून आयोडीन शोधायचं. पहिली पुडी, गडद जांभळा! पोरं ओरडलीच. दुसरी जांभळी. तिसरी फिकट. चौथीवर थेंब पडले आणि काहीच झालं नाही. मीठ पांढरं ते पांढरंच. वर्ग एकदम गप्प झाला. अशा सहा-सात पुड्या निघाल्या. त्यात एक शाळेजवळच्याच घरातली होती, हे मला नंतर त्या घरच्या पोरानेच येऊन सांगितलं.

हा जांभळा रंग आयोडीनला जन्मापासून चिकटलेला आहे. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा नावाचा माणूस समुद्री वनस्पतींच्या राखेपासून बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवण्याच्या खटपटीत होता. नेपोलियनच्या लढाया चालू होत्या, दारूला मागणी फार! एकदा राखेत आम्ल जरा जास्त पडलं आणि भांड्यातून सुंदर जांभळी वाफ निघाली. गार झाल्यावर तिचे काळसर चमकदार स्फटिक झाले. जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं आयोडीन. नऊ वर्षांनी, १८२० साली, जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरांनी ते गलगंडाच्या रोग्यांना दिलं. काहींच्या गाठी कमी झाल्या. पण मात्रा जास्त झाल्याने काही जण आजारीही पडले, आणि लोक घाबरले. म्हणजे 'थोडंच आणि रोज' हे कळायला आणखी जवळपास शंभर वर्षं गेली.

ते कळलं तेही शाळेतच, हे मला फार आवडतं. अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं गाव आहे. तिथे १९१७ पासून डेव्हिड मरीन यांनी शाळेतल्या मुलींना थोड्या प्रमाणात आयोडीनचं औषध दिलं. घेणाऱ्या दोन हजारांवर मुलींपैकी फक्त ५ जणींची थायरॉइड वाढली. न घेणाऱ्याही दोन हजारांवरच होत्या, त्यांच्यात जवळजवळ ५०० जणींची वाढली. मग स्वित्झर्लंडमध्ये १९२२ पासून आणि अमेरिकेत मिशिगन राज्यात १९२४ पासून आयोडीन मिठातच घालायला सुरुवात झाली. मिठातच का? कारण मीठ गरीब खातो, श्रीमंत खातो, रोज खातो, आणि कुणीही वाटीभर खात नाही!

आपल्या देशातला प्रयोग तर आणखी छान आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनचं मीठ, मधल्या भागाला साधं. सुरुवातीला तिन्हीकडे शाळेतल्या शंभर मुलांमागे चाळिसेक जणांना गलगंड होता. १९६२ साली पुन्हा माना तपासल्या. आयोडीनच्या दोन्ही भागांत प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेलं, साध्या मिठाच्या भागात होतं तिथेच. मग त्या भागालाही आयोडीनचं मीठ सुरू केलं आणि तिथल्याही माना हळूहळू बारीक झाल्या. १९६२ सालीच सरकारने देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. १९९२ साली त्याचं नाव बदललं, कारण तोवर सगळ्यांना कळलं होतं, की प्रश्न फक्त मानेचा नाही, डोक्याचाही आहे.

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड पहिले काही महिने काम करत नाही. तोवर बाळाच्या मेंदूला आईचंच संप्रेरक पुरतं. आईला आयोडीन फार कमी मिळालं तर बाळ मतिमंद, मुकं-बहिरं जन्मू शकतं, आणि झालेलं नुकसान नंतर कितीही मीठ खाऊन भरून येत नाही. कमतरता थोडी असेल तर बाळ चांगलं दिसतं, चालतं, बोलतं, फक्त शाळेत मागे राहतं. आम्ही शिक्षक मग प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात लक्ष द्यावे' लिहितो! म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज २५० मायक्रोग्रॅम लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना १२०, त्याहून लहानांना ९०.

यासाठी कायदाही आहे. माणसांच्या खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी १९९७ साली आली, २००० साली उठली, आणि १७ मे २००६ पासून पुन्हा लागू झाली. तुमच्या घरी पोचेपर्यंत दर किलोला निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन मिठात असायला हवं. तरी जनावरांसाठी आणि कारखान्यांसाठी साधं मीठ विकता येतं, आणि तीच गोणी कधी कधी स्वयंपाकघरात शिरते.

शहरातल्या घरांत दुसराच प्रकार पाहते मी. माझ्या पुण्याच्या मावशीकडे गुलाबी मीठ असतं, सुंदर बरणीत, साध्या मिठाच्या कितीतरी पट महाग. उपासाचं सैंधव तर घरोघरी असतंच. एक दिवस उपासाला खाल्लं तर काही बिघडत नाही. पण रोजच्या भाजीत तेच घालाल, तर पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलंय का, ते आधी वाचा. महाग आहे म्हणून आयोडीन आपोआप येत नाही!

आणि उलटंही नको. आयोडीन हवं म्हणून मीठ जास्त खाऊ नका. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबवाल्या आजोबांचं मीठ डॉक्टरांनी कमी केलं असेल तर कमीच ठेवा, फक्त जे आहे ते आयोडीनचं असू द्या. बाकी मासे, अंडी, दूध यांतूनही थोडं मिळतं. कोबी-फ्लॉवर थायरॉइडला वाईट असं कुणी सांगितलं तर आयोडीनचं मीठ खाणाऱ्याने खुशाल खावेत, नेहमीच्या भाजीने काही होत नाही. (मुलांनो, कोबी टाळायला हे कारण चालणार नाही!) मिठाची बरणी झाकण लावून, ओलाव्यापासून आणि चुलीच्या धगीपासून दूर ठेवा, आणि जमेल तेव्हा मीठ स्वयंपाकाच्या शेवटी घाला.

औषधाचं काय? लहान मुलांची नवी, मऊ गाठ नुसतं आयोडीन मिळू लागलं तरी हळूहळू उतरू शकते. वर्षानुवर्षांची मोठी, गाठाळ झालेली मात्र मिठाने जात नाही, तिला डॉक्टरच हवेत, कधी शस्त्रक्रियाही लागते. संप्रेरक कमी असेल तर त्याचीच गोळी मिळते, सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि मनाने बंद करायची नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितली. थायरॉइडचे सगळेच आजार आयोडीनच्या कमतरतेने होत नाहीत. कितीतरी जणांत शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून थायरॉइडवर हल्ला करते. त्यांना जास्त आयोडीनचा उपयोग नाही, कधी त्रासही होतो. म्हणून मनाने आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या घेऊ नका. रक्त तपासा. नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही तपासणी होऊ शकते, जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाचा मेंदू नीट वाढतो. घरात बाळ येणार असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

आमच्या मुलीचं काय झालं? आजींनी गोळीची जबाबदारी घेतली. पहाटे म्हशीचं दूध काढायला उठल्या, की आधी नातीला गोळी, मग धार. दिवाळीनंतर तिने स्वेटर काढला, तोही नेमका थंडीत! उंची वाढायला लागली. दोरा आजींनी कापला. अभ्यासात मागचं भरून काढायला वेळ लागला, अजूनही गुणाकारात अडते. पण एक दिवस खेळाच्या तासाला आरडाओरडा ऐकून मी धावत गेले, तर ही लंगडीत बाद दिलं म्हणून पंचाशी भांडत होती. कमरेवर हात ठेवून! मी लांबूनच पाहत राहिले. भांडण सोडवायला गेलेच नाही.

गावातल्या दुकानदारकाकांना मुलांनी तो रंगांचा तक्ता दाखवला. आता ते पुडीचं मीठ पुढे ठेवतात आणि गोणी मागच्या खोलीत. आजींच्या घरी दोन बरण्या झाल्या, माणसांची वेगळी, म्हशीची वेगळी.

यावर परवा एका पोराने पुन्हा हात वर केला. तोच, एकदम चमचा खाणारा. "बाई, म्हशीला पण मान असते. मग तिला आयोडीन नको?"

मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हवं तर! जनावरांनाही थायरॉइड असते, आयोडीन फार कमी पडलं तर वासरं अशक्त जन्मतात, कधी मानेला गाठ घेऊनच. त्यासाठी खनिज मिश्रण मिळतं, त्यात आयोडीन असतं, रोज आंबोणात मिसळायचं. किती, ते जनावर बघून सांगतात. पोराने ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं आणि घरी पोचेपर्यंत पुसू नये म्हणून मूठ उघडी धरून पळाला.